पूर्वाश्रमाची निंदा

आत्मचरित्र लिहावयाचे ते आयुष्य बहुतेक सरत आल्यावर, असा आपल्याकडे जुना संकेत आहे. तो मोडणारा एक वाङ्मयप्रकार आमच्या सुशिक्षित घरांतून गेली काही वर्षे जोमाने वाढत असून त्याची दखल समीक्षकांनी घेतलेली दिसत नाही. हे आत्मचरित्र सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा तरुण लिहितो, इंग्रजीत लिहितो, पाचशे-सातशे शब्दांत आटोपतो, आणि साता समुद्रांपलीकडच्या एखाद्या प्रवेशसमितीतील दोन-तीन माणसे सोडली तर ते कोणी वाचीत नाही. आईबापही वाचीत नाहीत. ते फक्त त्याचा खर्च करतात.

आम्ही म्हणतो ते परदेशी बिझनेस स्कुलांच्या प्रवेशार्जांतील निबंधांविषयी; आणि त्यांतही विशेषेकरून अशा निबंधांविषयी, की ज्यांत चार-पाच वर्षे एका धंद्यात काढलेला उमेदवार आपणांस यापुढे 'कन्सल्टिंग'च्या, म्हणजे उद्योगसल्ल्याच्या धंद्यात जावयाचे आहे असे जाहीर करतो. धंदा बदलण्यास आमची यत्किंचितही हरकत नाही. ज्यास आपले काम नकोसे झाले त्याने ते सोडावे, आणि ज्यास अधिक द्रव्य हवे त्याने ते सन्मार्गाने मिळवावे. आमचा कटाक्ष आहे तो हा बदल सांगण्याच्या पद्धतीवर. ही पद्धत आमच्या हुशार मुलांस दोन गोष्टी शिकवीत आहे. केलेल्या कामास तुच्छ लेखावे, ही एक. आणि खरा हेतू कधी उच्चारू नये, ही दुसरी.

ज्यांच्या घरात असा निबंध अद्याप शिजलेला नाही त्यांच्यासाठी त्याचा साचा सांगतो. नायक मध्यमवर्गीय घरातला, बुद्धिमान, गणितात पुढे. तो अभियंता होतो आणि हिंजवडीतील किंवा बंगळुरातील एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीस लागतो. तेथे तो यशस्वी होतो. कारण अयशस्वी माणसास अमेरिकेत कोण घेणार? परंतु त्याचा जीव तेथे रमत नाही. मग एके दिवशी त्यास साक्षात्कार होतो. हा साक्षात्कार बहुधा एखाद्या बैठकीत, विमानात, किंवा खेड्याच्या भेटीत होतो, आणि त्याचा मथितार्थ असा, की नुसत्या यंत्रज्ञानाने जगाचे प्रश्न सुटत नाहीत, त्यास 'स्ट्रॅटेजी' लागते. ती शिकण्यासाठी अमुक विद्यालय, त्यानंतर तीन बड्या सल्लागार पेढ्यांपैकी एक, आणि दहा वर्षांनी मायदेशी परत येऊन विदर्भातील शेतकऱ्यांसाठी काही तरी लोकोत्तर कार्य. येथे निबंध संपतो.

विदर्भातील शेतकरी या निबंधांत फार येतो. ज्याने यवतमाळची एस. टी. आयुष्यात पकडली नाही आणि कापसाचा हमीभाव म्हणजे काय हे ज्यास ठाऊक नाही, तोही त्या शेतकऱ्याच्या मरणाचा एका वाक्यात उल्लेख करून पुढच्या वाक्यात बोस्टनला जातो. दुसऱ्याचे दुःख आपल्या अर्जाचे भूषण म्हणून वापरणे यास मराठीत जो शब्द आहे तो सभ्य मासिकात छापता येत नाही.

आता आमच्या पहिल्या आरोपाकडे वळू. संन्यास घेतलेल्या माणसाने पूर्वाश्रमाचे नाव घेऊ नये असा दंडक आहे. पण पूर्वाश्रमाची निंदा करावी असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही. हा अर्जदार नेमके तेच करतो. एक उदाहरण घेऊ. एक अभियंता पाच वर्षे एका परदेशी विमाकंपनीची दावे तपासणारी आज्ञावली सांभाळीत आहे. कोणता दावा कोठे अडतो, कोणत्या महिन्यात अडलेल्यांचा ढीग होतो, एकच दुरुस्ती तीन वेळा करून तीन वेळा का पुसावी लागली, हे त्यास पाठ आहे. त्याने हेही पाहिले आहे, की दोष आज्ञावलीत नसून त्या कंपनीतील दोन खाती एकमेकांशी बोलत नाहीत यात आहे; आणि ते सांगावयास गेल्यावर 'हे तुमच्या कामाच्या कक्षेत येत नाही' असे उत्तर त्यास मिळाले आहे. जेथे असे निर्णय होतात त्या खोलीत आपल्यास बसावयास मिळावे, अशी त्याची इच्छा आहे. ही इच्छा खरी आहे, तिला जागा आहे, कारण आहे. सल्लागाराच्या धंद्यात जाण्यास याहून चांगले कारण आमच्या तरी ध्यानात येत नाही.

निबंधात यातले काय उरते? 'आठ जणांच्या पथकाचे नेतृत्व करून मी कार्यक्षमता तीस टक्क्यांनी वाढविली.' एवढेच. तीस टक्के कशाचे, कोणी मोजले, पूर्वी किती होते, याचा पत्ता नाही. विमा गेला, दावे गेले, ती न बोलणारी दोन खातीही गेली. कारण निबंध तपासणाऱ्या पंडिताच्या मते हा तपशील 'फार तांत्रिक' आहे. पाच वर्षांत हाती लागलेले ज्ञान फेकून द्यावयाचे आणि त्याच्या जागी एक टक्केवारी ठेवावयाची, याला आत्मकथन म्हणतात! आणि मौज अशी, की सल्लागार पेढीस या माणसापासून काही उपयोग होण्यासारखा असेल तर तो त्या फेकून दिलेल्या भागाचाच. स्ट्रॅटेजीची चौकट तर ती पेढी त्यास पहिल्या महिन्यात शिकवील.

हा धंदा ज्यांनी उभारला त्यांनी पूर्वाश्रमाची लाज बाळगली नव्हती. जेम्स मॅकिन्सी हा शिकागो विद्यापीठात हिशेबशास्त्राचा अध्यापक होता; १९२६ साली त्याने पेढी काढली ती हिशेबशास्त्र बाजूस सारून नव्हे, तर तेच हाती घेऊन. कारखानदाराची जमाखर्चाची वही गतवर्षीचा इतिहास सांगते, तिने पुढील वर्षाचा मार्ग दाखवावा, हा त्याचा विचार हिशेबनिसाचाच होता. त्याची पेढी पुढे ज्याने वाढविली तो मार्व्हिन बॉवर क्लीव्हलंडचा वकील. १९२९ नंतरच्या मंदीत बुडालेल्या कंपन्यांच्या रोखेधारकांच्या समित्यांचे चिटणीसपण त्याच्याकडे आले. तेथे त्याने पाहिले, की कायद्याचा सल्ला देणारे आहेत, पैशाचा सल्ला देणारे आहेत, परंतु कंपनी बुडाली का, हे तिच्या चालकास नीट बसून विचारणारा कोणी नाही. १९३३ साली तो मॅकिन्सीकडे गेला, आणि वकिलांच्या पेढीची शिस्त, अशिलाचे गुपित राखण्याची रीत आणि धंद्याची इभ्रत त्याने तेथे नेली. त्याने वकिली सोडली खरी, पण वकिलीने त्यास जो प्रश्न दिला होता तो सोडला नाही.

येथे आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. खुद्द मॅकिन्सीनेही धंदा बदलला होता, आणि तो उलट दिशेने. १९३५ साली सल्ला देण्याचे सोडून तो शिकागोच्या मार्शल फील्ड या मोठ्या व्यापारी कंपनीचा प्रमुख झाला, आणि दुसऱ्यांस सांगितलेली काटछाट स्वतःच्या हाताने करण्याचा प्रसंग त्याच्यावर आला. १९३७ साली तो वारला. सल्लागारी हे ज्यांस सर्व धंद्यांचे शिखर वाटते त्यांनी हे प्रकरण सवडीने वाचावे.

आपल्याकडचे उदाहरण द्यावयाचे तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचे द्यावे. ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले. काही रंगांतला भेद आपल्या डोळ्यांस उमगत नाही असे आढळल्यावर त्यांनी रंग सोडले आणि यांत्रिक आरेखन धरले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. तेथे त्यांस मिळावयाची बढती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरीवर पाणी सोडले आणि बेळगावास सायकलींच्या दुकानात लक्ष घातले. त्यातून कडबा कापण्याचे यंत्र, त्यातून लोखंडी नांगर, आणि लोखंडाने जमीन नासते म्हणणाऱ्या शेतकऱ्यांची समजूत घालता घालता १९१० साली औंध संस्थानातील निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी.

हे चरित्र आजच्या एखाद्या निबंध-पंडिताच्या हाती द्या. डोळ्यांचा दोष तो 'आव्हान' म्हणून पहिल्या परिच्छेदात घेईल. बढती नाकारल्याची गोष्ट 'नकारात्मक' म्हणून गाळून टाकील. कारण अर्जदाराने कोणावर रागावलेले असू नये, असा नियम आहे. सायकलीचे दुकान त्यास क्षुल्लक वाटेल, आणि नांगराचे वेड मात्र तो बालपणापर्यंत मागे नेईल. म्हणजे अपमान, अडचण, पोटाची चिंता आणि योगायोग ही जी धंदा बदलण्याची खरी कारणे असतात ती सर्व जातील, आणि जन्मतःच नांगराचे स्वप्न पडलेला एक पुतळा शिल्लक राहील. असा पुतळा प्रवेशसमितीस आवडतो म्हणतात. आवडत असेल. पण लक्ष्मणरावांनी जे केले ते त्या पुतळ्याच्या हातून झाले नसते.

कोणी म्हणेल, यात विद्यार्थ्याचा काय दोष? विद्यालये विचारतात म्हणून तो सांगतो. हे म्हणणे आम्हांस बरेचसे मान्य आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या बिझनेस स्कुलाने वर्षानुवर्षे अर्जदारास पदवीनंतरचे तात्कालिक ध्येय पन्नास अक्षरचिन्हांत सांगावयास लावले. पन्नास शब्दांत नव्हे, अक्षरचिन्हांत! आणि नमुन्यादाखल जी दोन-तीन उत्तरे छापली त्यांत 'सल्लागार पेढीत जाणे' हेही एक होते. प्रश्न विचारणाऱ्यानेच उत्तर हाती ठेवल्यावर परीक्षार्थ्यास दोष कोणत्या तोंडाने द्यावा? याच्या उलट टोकास स्टॅनफर्ड आहे. तुम्हांस सर्वांत महत्त्वाचे काय वाटते आणि का, हा तेथील प्रश्न. प्रश्न उत्तम आहे. एखाद्या साठ वर्षांच्या माणसाने त्यावर रात्र जागवावी असा आहे. त्याचेही ठरीव उत्तर शिकविणारे लोक निघावेत यावरून बाजाराची शक्ती किती, हे कळते.

विद्यालये ध्येय इतक्या निश्चयाने का विचारतात, याचे कारण उदात्त नाही. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिल्या शरद ऋतूतच सल्लागार पेढ्यांचे लोक विद्यालयात येऊन बसतात, आणि उन्हाळ्यातील उमेदवारीच्या मुलाखती नाताळच्या सुटीनंतर लगेच सुरू होतात. म्हणजे विद्यार्थ्याने अर्थशास्त्राचे पहिले पुस्तक पुरते उघडण्यापूर्वीच त्याचे ठरलेले असावे लागते. शिकून ठरविण्यास तेथे सवडच नाही. इन्सेआडसारख्या दहा महिन्यांच्या अभ्यासक्रमात तर विचारावयासच नको. नोकरी लागलेल्यांचे आकडे दरसाल प्रसिद्ध होतात, त्यांवर विद्यालयाची क्रमवारी ठरते, आणि डळमळीत ध्येयाचा विद्यार्थी त्या आकड्यांत खोट आणतो. तेव्हा 'तुझे स्वप्न सांग' या प्रश्नाचे भाषांतर 'तू आमचा आकडा बिघडविणार नाहीस ना?' असे करावे. 'तुमचे आयुष्य येथे पालटेल' अशी जाहिरात करावयाची आणि येणाऱ्याने मात्र पुढील दहा वर्षे आधीच ठरवून आणावीत असे म्हणावयाचे, ही विसंगती या विद्वानांस दिसत नसेल असे नाही. ती त्यांच्या सोयीची आहे.

तथापि साऱ्या दोषाचा भार परदेशी विद्यालयांवर टाकून आपण मोकळे होऊ नये. या दोषात आपला वाटा पुष्कळ आहे, आणि तो शिफारसपत्रांत सर्वांत स्पष्ट दिसतो. विद्यालय अर्जदाराच्या वरिष्ठाचे गुप्त मत मागते. आपला वरिष्ठ काय म्हणतो? 'अरे, तूच लिहून आण, मी पाठवून देतो.' मग अर्जदार स्वतःच आपल्या वरिष्ठाच्या तोंडाने आपली स्तुती लिहितो, आणि ती फार एकसुरी वाटू नये म्हणून एक-दोन बेतशीर दोषही घालतो. हे कोणासच लांछनास्पद वाटत नाही! कोणी तसे म्हटले तर 'सगळेच करतात' असे उत्तर मिळते. आमच्या कचेऱ्यांत रजेच्या अर्जावर आजारपणाचे जे कारण लिहिले जाते त्याच परंपरेतले हे आहे, फक्त किंमत फार मोठी आहे.

आणि निबंध तपासणाऱ्यांचा व्यवसाय! अर्जाविषयी सल्ला देणारे हे सल्लागार एकेका उमेदवाराकडून हजारो डॉलर घेतात. सल्लागार होण्यासाठी सल्लागाराचा सल्ला विकत घ्यावा, यात एक विनोद आहे, परंतु तो बापाच्या खर्चाने होतो. यातील काही माणसे प्रामाणिक असतात; इंग्रजी सुधारतात, पाल्हाळ छाटतात, उमेदवारास 'हे तुझे खरे कारण आहे काय?' असे विचारतातही. आमचे म्हणणे त्यांच्याविषयी नाही. जे उमेदवाराचा 'डाग' कोणता हे प्रथम ठरवितात, म्हणजे 'हिंदुस्थानी, पुरुष, अभियंता, सॉफ्टवेअर', आणि मग तो डाग धुण्यास निघतात, त्यांच्याविषयी आहे. आपण जे आहोत तोच आपला डाग, असे आपल्या मुलास पैसे देऊन शिकविण्याची पाळी आमच्या पांढरपेशा वर्गावर यावी ना!

या प्रकाराचे समर्थन करणारे एक चतुर उत्तर देतात. ते म्हणतात, ही एक रूढ शैली आहे. पत्राखाली आपण 'आपला आज्ञाधारक' लिहितो तेव्हा कोणी खरोखर आज्ञा पाळीत नाही. वकील अशिलाची बाजू रंगवितो तेव्हा त्यास कोणी लबाड म्हणत नाही. तसेच हे. वाचणारा जाणतो, लिहिणारा जाणतो. मग फसविले कोणास? उत्तर वरवर बिनतोड आहे. परंतु दृष्टांत जुळत नाही. वकिलासमोर दुसरा वकील असतो आणि वर न्यायाधीश असतो. येथे प्रतिपक्ष कोण? 'आपला आज्ञाधारक' लिहिणाऱ्यास पुढील दहा वर्षे आज्ञा पाळावी लागत नाही. या अर्जदारास मात्र निबंधातले आपले सोंग मुलाखतीत वठवावे लागते, विद्यालयात सहाध्याय्यांसमोर वठवावे लागते, पेढीच्या मुलाखतीत पुन्हा वठवावे लागते. आणि एखादी गोष्ट इतक्या वेळा सांगितल्यावर ती आपलीच आहे असे सांगणाऱ्यासही वाटू लागते. फसविले कोणास, या प्रश्नाचे उत्तर म्हणून आम्ही प्रथम त्या मुलाचे नाव घेतो.

त्यानंतर त्याच्या आईबापांचे. हार्वर्डच्या बिझनेस स्कुलाचे नुसते शिक्षणशुल्क वर्षास पाऊण लाख डॉलरांहून अधिक आहे. राहण्याखाण्यासह दोन वर्षांचा हिशेब अडीच लाख डॉलरांच्या घरात, म्हणजे दोन कोट रुपयांच्या वर जातो. शिष्यवृत्ती मिळाली तर भार हलका होतो. न मिळाली तर कर्ज. सरकारी बँकांच्या नेहमीच्या योजनेत साडेसात लाखांपुढील कर्जास तारण लागते, आणि आमच्या वर्गाजवळ तारण म्हणजे राहती सदनिका. एवढे ओझे घेऊन गेलेला मुलगा सल्लागार पेढीत जातो त्याचे पहिले कारण पगार हे असते, आणि ते कारण सर्वथैव सन्मान्य आहे. कर्ज फेडण्याची इच्छा बाळगणे यात लाजण्यासारखे काय आहे? परंतु अर्जात पैसा या शब्दास बंदी! तेथे 'इम्पॅक्ट' हा शब्द योजावयाचा. त्या 'इम्पॅक्ट'विषयी एवढेच सांगतो, की अमेरिकेत अफूजन्य वेदनाशामकांची विक्री वाढविण्याच्या सल्ल्यावरून मॅकिन्सी पेढीस २०२१ साली तेथील राज्यांशी सुमारे ५७ कोटी डॉलरांची तडजोड करावी लागली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारशी ६५ कोटींची. धंदा चांगला की वाईट, हा निवाडा आम्ही येथे करीत नाही. पण त्यात शिरणाऱ्याने तो धर्मकार्य म्हणून वर्णू नये.

बरे, एवढे करून फळ तरी निश्चित आहे काय? २०२३ साली अनेक सल्लागार पेढ्यांनी निवड केलेल्या पदवीधरांस रुजू होण्याची तारीख महिनोन्‌महिने पुढे ढकलली. हार्वर्डच्या २०२४ च्या तुकडीतील नोकरी शोधणाऱ्यांपैकी २३ टक्के लोक पदवीनंतर तीन महिन्यांनीही नोकरीवाचून होते. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी परदेशी कामगारांच्या एच-१बी परवान्यासाठी नव्या अर्जांवर एक लक्ष डॉलरांचे शुल्क जाहीर केले. त्याच्या अटी व अपवाद कसेही असोत, आमच्या मुलांच्या वाटेत काय येऊ शकते हे त्यावरून दिसले. अशा दिवसांत ज्याने आपले पूर्वीचे काम नीट ओळखले आहे, त्यास परतण्याची एक वाट तरी राहते. ज्याने ते निबंधात, आणि पुढे मनातही, टाकाऊ ठरविले त्यास परत यावयास जागा कोठे?

मग लिहावे कसे? आमच्या मते गोष्ट अवघड नाही. आपण काय काम केले ते इतके स्पष्ट लिहावे, की ते करणाऱ्या दुसऱ्या माणसाने वाचले तर त्यास खूण पटावी. त्या कामाने कोणता प्रश्न पुढे आणला आणि त्याचे उत्तर त्या कामाच्या कक्षेत का मिळेना, ते लिहावे. पगार हे एक कारण असेल तर एका वाक्यात तसे म्हणावे. दहा वर्षांनंतरचे ठाऊक नसेल तर ठाऊक नाही असे लिहावे, आणि विदर्भास हात जोडून दूर राहावे. असा निबंध हमखास प्रवेश देईल असे आम्ही म्हणत नाही. रंगविलेल्या निबंधासही तशी हमी कोणी देत नाही. आमच्या देशातील व्यवस्थापनसंस्थांच्या मुलाखतींत 'अभियांत्रिकीनंतर हे कशाला?' हा प्रश्न जन्मभर विचारला गेला आहे. त्यास सरळ उत्तर देणाऱ्या मुलांची उत्तरे परीक्षकांच्या लक्षात राहतात, कारण ती थोडी असतात.

घरातील वडील मंडळींसही एक विनंती आहे. कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी त्या निबंधाची एक प्रत मागून घ्या आणि जेवणे झाल्यावर ती मुलाकडून मोठ्याने वाचवून घ्या. इंग्रजी कळत नसेल तर मराठीत अर्थ सांगावयास लावा. ज्या वाक्याशी तो अडखळेल, किंवा 'हे तसेच लिहावे लागते' म्हणून पुढे जाऊ लागेल, तेथे त्यास थांबवा, आणि त्या वाक्याविषयी काय ते बोलणे त्याच रात्री होऊ द्या. बँक दुसऱ्या दिवशीही उघडी असते.